डमडमचा पौष, बागबाजारचं बारसं

सांगलीला परतल्यावर मी पाठ दाखवायला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. "कुठं पडलात?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "पडलो नाही. बारशात मार बसला." डॉक्टर इकडचेच, त्यामुळे त्यांना नवल वाटलं नाही. बारशाला आत्या बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगते आणि तेवढ्यात मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनी फक्त बाळ केवढं झालं ते विचारलं. सत्तावीस वर्षांचं आहे म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहिते. बाहेर पेशंट बसले होते म्हणून त्यांना थोडक्यात सांगावं लागलं. तुम्ही निवांत आहात असं धरून चालते.

मी कमल. मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायची, आता निवृत्त. लग्न केलं नाही, कारण बघायला आलेल्यांपैकी एकालाही धड धावता येत नव्हतं. मला एक धाकटा भाऊ, श्रीधर. तो बँकेच्या बदलीवर कोलकात्याला गेला, पुढची बदली येईल येईल म्हणता तिथंच रमला, डमडमला फ्लॅट घेतला आणि तिथूनच रिटायर झाला. त्याची बायको माधवी. दोघांचं एकुलतं एक लेकरू. त्याचं बारसं सांगलीला झालं होतं आणि आत्या म्हणून नाव मी ठेवलं होतं. मुलीचं नाव होतं. ते इथं लिहीत नाही. नाव चांगलं होतं, पण ज्याला दिलं त्याला ते बसलं नाही. न बसलेला सदरा चारचौघांत फडकवून काय मिळणार.

बंगाल्यांत प्रत्येकाला दोन नावं असतात. एक भालो नाम, म्हणजे चांगलं नाव, शाळेत आणि लग्नपत्रिकेत घालायचं. दुसरं डाकनाम, हाक मारायचं. हाकेच्या नावाला अर्थ असलाच पाहिजे असं नाही, नसला तर अधिक बरं. मोठमोठे प्रोफेसर आपल्या गल्लीत बाबलू नाहीतर घोंटू असतात. आमच्या लेकराला डमडमच्या शेजाऱ्यांनी लहानपणीच टुकाई करून टाकलं. टुकाई मुलगाही चालतो, मुलगीही चालते. चांगलं नाव टाकून दिल्यावर ते लेकरू त्या टुकाईवरच निभावत होतं.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला. "आत्या, मी मुलगी नाही हे तुला माहितीये. मुलगा पण पूर्ण नाही. ते असू दे. पण मला चांगलं नाव पाहिजे. मी स्वतः ठेवलं तर ते दुकानातून आणल्यासारखं वाटेल. आपल्यात आत्या ठेवते ना?"

"आत्याच ठेवते."

"मग येशील?"

"येतो," म्हटलं.

इथं बाहेरगावच्या वाचकांसाठी एक सांगायला हवं. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे बायका बोलताना 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात. लिहिताना मी 'आले, गेले' लिहिते, कारण शाळेत मार्क जायचे. पुण्याच्या लोकांना आमचं बोलणं विचित्र वाटतं. आम्हाला पुण्याचे लोक वाटतात.

टुकाईचं सगळं मला समजलं असं मी म्हणणार नाही. मला विजेचं बिलही पूर्ण समजत नाही, भरते मात्र वेळेवर. लेकरानं नाव मागितलं होतं आणि ते देणं माझं काम होतं.

तिकीट काढल्यावर श्रीधरचा फोन आला. "ये ताई, थंडीत बरं वाटेल इथं. फक्त ते नावाचं काही काढू नकोस." मी म्हटलं, आवाज तुटतोय.

डमडम

श्रीधर मला घ्यायला हावड्याला आला तो माकडटोपी घालून. कोलकात्यात थंडीच्या आधी माकडटोपी येते. तिच्या मागोमाग मफलर, लोकरीचे मोजे आणि सर्दीवरची चर्चा. थंडी स्वतः आली तर आली. त्या हवेत सांगलीला आम्ही पंखा एकवर ठेवतो. माझ्या डोक्यावर काहीच नाही हे बघून टॅक्सीवाल्यानं काच वर केली आणि घरी पोचेपर्यंत मला ताप आहे अशाच नजरेनं आरशातून बघत होता.

घरी माधवीनं गुळाच्या पोळ्या केल्या होत्या. पौष महिन्यात इथं खजुराच्या रसाचा नवा गूळ येतो, त्याला नोलेन गूड म्हणतात. तो इतका सैल असतो की पोळी तव्यावरच फुटते. माधवी इतकी वर्षं फुटलेल्या पोळ्याच करते आहे. त्या आपल्या अखंड पोळ्यांपेक्षा चांगल्या लागतात, हे कबूल करायला मला तिसरी पोळी लागली.

टुकाई त्या घरात राहत नाही. आदल्या वर्षी तो बागबाजारला खोली घेऊन गेला. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर मिटलं तरी असतं. श्रीधर नुसता गप्प झाला होता. टुकाई खोलीत आला की तो पेपर उचलायचा, आणि पेपर वाचून झालेला असला की टीव्ही लावायचा. आता तो बागबाजारला 'तिकडे' म्हणतो. "तिकडे जाणार आहेस का?" त्यानं विचारलं.

"जातो की. त्यासाठीच आलोय."

"ताई, पौष चालू आहे. पौषात कुणी शुभकार्य करतं का?"

हे त्यानं आधीच तयार करून ठेवलं होतं, हे मला दिसलं. श्रीधर लहानपणी पोहायला जायचं नसलं की असंच पंचांग काढायचा.

"ते लेकरू जन्मलं कधी?" मी विचारलं.

"पौषात," माधवी आतून म्हणाली.

"मग त्याला पौषानं काय होतंय?"

श्रीधरनं पेपर उचलला. मी गुळाची पोळी उचलली. त्या दिवशी सामना बरोबरीत सुटला.

बागबाजार

बागबाजार हा कोलकात्याचा जुना उत्तर भाग. मराठे स्वारी करून येतील म्हणून इथल्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो इथून सुरू झाला. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत आणि खंदक बुजवला गेला. तरी पुढं कितीतरी दिवस बंगाली आया न झोपणाऱ्या मुलांना आमच्या नावानं भीती घालायच्या, असं टुकाईच्या घरमालकीणबाईंनी मला पहिल्याच भेटीत ऐकवलं. आणि मग, "और थोडा भात लीजिए," म्हणाल्या.

या बाईंना सगळे मासिमा, म्हणजे मावशी, म्हणतात. मासिमांनी मला जेवायला बोलावलं होतं खरं, पण दार उघडल्यावर त्या माझ्या मागं जिन्यात बघत राहिल्या.

"आप कमल हैं? हम तो सोचा, कमलबाबू आएगा."

बंगालात कमल हे पुरुषाचं नाव. टुकाईनं 'कमल येणारेय' एवढंच सांगितलेलं. मासिमांनी पाहुण्या गृहस्थांसाठी आरामखुर्ची उन्हात काढून ठेवली होती, बाजूला पेपर आणि सुपारीचा डबा. मी त्या खुर्चीत बसले. आयुष्यात प्रथमच जेवणाआधी कुणी मला स्वयंपाकघरात काही मदत हवी का, हे विचारायची संधी दिली नाही. नागपूर मागं पडल्यावर कुठंतरी मी कमलबाबू झाले होते आणि त्यात तोटा काही दिसेना.

जेवताना माशाचा काटा माझ्या घशात अडकला. मासिमांनी कोरड्या भाताचा मूठभर गोळा हातावर ठेवला आणि गिळायला लावला. काटा गेला. गोळा मात्र संध्याकाळपर्यंत तिथंच होता.

टुकाईची खोली वरती आहे. केस बारीक कापलेले, अंगात सैल सदरा, चेहरा आमच्या आईसारखा. बसला, आणि माझ्याशी बंगालीत बोलायला लागला.

"मला यातलं काही कळत नाही," मी म्हटलं. "मराठी सुटली काय?"

त्यानं सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. मग म्हणाला, "नाही. पण मराठीत तोंड उघडलं की पहिल्या वाक्यालाच सांगावं लागतं, मी कोण. गेलो की गेले. चहा पिऊन आलो तरी सांगायचं. बांगलात नाही लागत. तिथं गेलं एवढंच सांगायचं, कुणी गेलं ते ज्याचं त्यानं बघावं. घरी बाबांसमोर एक 'गेलो' म्हणालो, तर ते जेवण सोडून उठले. मग मी मराठीच बंद केली."

"मग सांगलीचं बोल. आमच्याकडं सगळेच गेलो म्हणतात."

तो हसला. पुष्कळ दिवसांनी हसल्यासारखा हसला, जरा अडखळत.

"तुला काय म्हणू मी?" मी विचारलं. "तो, ती, ते? ते लेकरू, ते पोरगं. मी वर्गातल्या सगळ्या मुलींना ते कार्टं म्हणायची."

"ते म्हणजे टेबल वाटतं, आत्या. 'तो' म्हण. दोन्ही टोचतात, पण 'तो' कमी टोचतं."

तेव्हापासून मी तो म्हणते आहे. जीभ दोन-चारदा घसरली. घसरली की स्वतःला उठाबशा काढायला लावायच्या, असं ठरवलं आणि पाळलं. मासिमांना वाटलं, मी व्यायाम करते आहे.

मग त्यानं मुद्द्याचं सांगितलं. "बारसं संक्रांतीनंतरच्या रविवारी करू. मासिमा येतील, माझी मैत्रीण शम्पा येईल, आई तर येईलच." तो नखं बघत होता. "बाबा आले पाहिजेत. नाव त्यांच्यासमोर ठेव. ते नसले तर कसलं बारसं, नुसतं जेवण होईल."

मी म्हटलं, बघतो. पी.टी.च्या बाईनं बघतो म्हटलं की मुलींना कळायचं, बाईंना काही सुचलेलं नाही. त्यालाही कळलं असावं.

घाटावरून

टुकाई एका चष्म्याच्या दवाखान्यात डोळ्यांचे नंबर तपासतो. मी तिथं बसून बघितलं. म्हातारे येतात, कुणी त्याला दादा म्हणतं, कुणी दिदी, तो दोन्हीला ओ देतो. बंगालीत क्रियापदाला काही विचारत नाहीत, पण दादा-दिदीचा फास आहेच. एका आजोबांनी आधी दिदी म्हटलं, काच बदलल्यावर दादा म्हटलं आणि अक्षरं स्पष्ट दिसायला लागल्यावर नुसतं "डॉक्टर" म्हटलं.

माझाही नंबर वाढला होता. फुकटात कळलं.

परत येताना मी मेट्रोनं जाऊ म्हटलं, तर तो मला गंगेच्या घाटावर घेऊन आला. लाँचनं जायचं. वेळ दुप्पट, पण वारा चांगला आणि बाकावर भाजलेल्या शेंगा. "मेट्रो मी घेत नाही," तो म्हणाला. "तपासणीला दोन रांगा असतात, बाप्यांची आणि बायकांची. कुठल्याही रांगेत उभा राहिलो तरी पुढची माणसं वळून बघतात. पोलीस बिचारे काही म्हणत नाहीत. माणसं बघतात. सकाळी कामाला जाताना ते नको वाटतं."

"म्हणून रोज नदी ओलांडतोस?"

"नदीला रांग नाही."

मला राग आला. कुणाचा ते सांगता येईना. मी शेंगांची टरफलं जोरजोरात पाण्यात टाकत बसले.

संध्याकाळी शम्पाकडे गेलो. शम्पाचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, गल्लीच्या तोंडाशी. उंच बाई, मोठं कुंकू, गळ्यात टेप. तीही जन्मली तेव्हा तिचं नाव मुलाचं ठेवलं होतं. घरातून निघाली तेव्हा ते नाव मागं ठेवून आली आणि पुढचं स्वतः घेतलं. तिनं माझ्यासाठी कोचुरी मागवली. कोचुरी म्हणजे आपली पुरीच, पण पोटात डाळ भरलेली आणि सोबत बटाट्याचा रस्सा. मी बारशाची रीत समजावून सांगितली. कान, कुर्र, धपाटे.

"पीठ पे क्यों मारते हैं?" तिनं विचारलं.

याचं उत्तर मला माहीत नाही. आजवर मारणाऱ्यांनाही नव्हतं. "नाव पक्कं बसावं म्हणून असेल," मी म्हटलं.

"हमारा नाम तो हम खुद रखा, आईने के सामने. कान में कोई बोला नहीं." ती सुईत दोरा ओवत होती, तो चुकला. "एक बार हमको करके दिखाइए ना. देखें, कैसा होता है."

मी उठले, तिचे केस कानामागं सारले आणि म्हटलं, "कुर्र... शम्पा." टुकाईनं माझ्या पाठीत हलकेच एक दिला. शम्पा हसायला लागली, आणि मग हसता हसता थांबली. मशीनवर डोकं टेकून बसून राहिली. गिऱ्हाईक आलं तसं टुकाईनंच ब्लाउज काढून दिलं. परतताना मला वाटलं, माझी पाठ असल्या कामाला आयुष्यभर उपलब्ध होती, आणि मी ती एकदाच वापरली.

पुन्हा डमडम

संक्रांत झाली. आपण तिळगूळ देतो, बंगाली लोक पिठाचे पोळे करून त्यात खोबरं-गूळ भरतात आणि गुंडाळतात. दोन्हीकडं दुसऱ्याला गोड खायला घालून आपण काय बोललो ते विसरायला लावायचं, हाच बेत असतो. मी श्रीधरच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि विषय काढला.

"पौष संपला. रविवारी बारसं आहे. चल."

"ताई, बंगाल्यांचा पौष संपला. आपला अमावास्येला संपतो."

"पाणी इथलं पितोस, मासे इथले खातोस, माकडटोपी इथली घालतोस. पौष तेवढा सांगलीचा?"

त्यानं हातातला तिळगूळ ताटलीत ठेवला. मग एकदम म्हणाला, "तू ठेवलेलं नाव होतं. सगळ्यांनी मिळून ठेवलेलं. ते असं बदलता येतं का? नाव बदललं की माणूस बदलतं. माझी मुलगी कुठं गेली, हे मी कुणाला विचारू?"

हे तो वर्षभरात पहिल्यांदा बोलला असावा. माधवी भांडी पुसत होती, तिचा हात थांबला. मला त्याची दया आली, आणि आली तरी मी सोडणार नव्हते.

"आईचं नाव काय होतं?" मी विचारलं.

"शालिनी."

"ते सासरचं. माहेरचं?"

त्यानं मान खाली घातली. "सुमन."

"लग्नाच्या दिवशी बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं शालिनी लिहिलं आणि सुमन संपली. कुणी विचारलं नाही, सुमन कुठं गेली. फक्त मामा यायचा तेव्हा दारातून सुमे म्हणून हाक मारायचा. आठवतं?"

"आठवतं." तो म्हणाला. "हातातलं टाकून पळत यायची."

"आणि तू? मंगलची माधवी कुणी केली? ताट मी धरलं होतं. तू लिहिताना वेलांटी चुकवलीस, परत तांदूळ पसरून लिहिलंस."

माधवीनं फडकं बाजूला ठेवलं. ती मला ताई म्हणते आणि सहसा मध्ये पडत नाही. "ताई, मला कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "मला मंगल आवडायचं. चार-सहा महिने माधवी म्हणून हाक मारली की मी मागं वळून बघायचे, कोण आलं म्हणून." ती श्रीधरकडं बघत नव्हती. "आपलं पोर तरी विचारून बदलतंय. आपल्या माणसांना विचारून."

श्रीधर उठून गॅलरीत गेला. तिथं काही काम नव्हतं. थोड्या वेळानं आतून माकडटोपी मागितली.

"मी येणार नाही," रविवारी सकाळी तो म्हणाला. आम्ही दोघी निघालो.

बारसं

मासिमांच्या दिवाणखान्यात गर्दी नव्हती. मासिमा, शम्पा, आम्ही दोघी आणि मधोमध वेताच्या मोड्यावर, म्हणजे बुटक्या बैठकीवर, बाळ, नवा सदरा घालून. पाळणा नव्हता, आणि असता तरी मोडला असता. बारशाला घुगऱ्या वाटतात, हे मी सांगून ठेवलं होतं. मासिमांनी गल्लीतल्या गाड्यावरून पातेलंभर घुगनी आणवली होती. वाटाण्याची उसळ, वर नारळाचे काप आणि हिरवी मिरची. सांगलीच्या घुगऱ्या तिच्यापुढं आजारी माणसाचं जेवण वाटतील.

तेवढ्यात माधवी म्हणाली, "वरवंटा राहिला."

बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंट्याला कुंची घालून, काजळ लावून पाळण्याखालून फिरवतात. म्हणजे बाळ दगडासारखं टणक होतं. मासिमांनी आपला बंगाली वरवंटा लगेच पुढं केला. माधवीनं तो बघितला, छान आहे म्हणाली, आणि श्रीधरला फोन लावला. "ओट्यावर राहिलाय. आपलाच लागतो. आणून द्या आणि दारातून परत जा."

माधवी गेली तीस वर्षं छत्रीसुद्धा कुठं विसरलेली नाही.

आम्ही बसून राहिलो. घुगनी गार झाली, मासिमांनी ती परत तापवली. टुकाई एकदाही दाराकडं बघत नव्हता, यावरूनच तो कुठं लक्ष ठेवून आहे ते कळत होतं. अखेर जिन्यात पावलं वाजली. श्रीधर दारात उभा राहिला, घामानं निथळत, टोपी हातात आणि खांद्यावर कापडी पिशवी.

"मेट्रोत अडवलं," तो कुणाकडंच न बघता म्हणाला. "मशीनमध्ये दगड दिसला. पोलीस म्हणाला, हे काय. बाहेर काढला तर कुंची घातलेली, काजळानं डोळे रेखलेले. तुम्ही तो नटवूनच ठेवला होता. सगळी रांग बघायला लागली."

"मग?" माधवीनं विचारलं.

"मग काय. सांगितलं, बच्चे का नामकरण है. म्हणाला, किसका बच्चा? म्हटलं, मेरा." तो थांबला. पिशवी खाली ठेवली. "अभिनंदन केलं त्यानं. बच्चा कुठाय, दाखवा म्हणाला."

टुकाईनं मान वर केली. बापलेक एकमेकांकडं बघत होते आणि आम्ही सगळ्या घुगनीकडं.

"बैठिए, बैठिए," मासिमांनी त्याला ओढून कमलबाबूंच्या खुर्चीत बसवलं. दारातून परत जायचा बेत तिथं संपला.

वरवंटा मोड्याभोवती फिरवला. शम्पानं दिला, माधवीनं घेतला. मग मी टुकाईच्या शेजारी वाकले. कानाशी तोंड नेलं आणि मला त्याचा श्वास ऐकू आला. सत्तावीस वर्षांपूर्वी हा कान माझ्या अंगठ्याएवढा होता. पहिलं 'कुर्र' नीट निघालंच नाही, दोनदा करावं लागलं.

"कुर्र... सुमन."

तो माझ्याकडं वळला. "आजीचं?"

"माहेरचं. पडून होतं."

धपाटे पडायला लागले. मासिमांचा म्हणजे आशीर्वादच. शम्पाचा शिवणाऱ्या हाताचा, मोजून मारलेला. माधवीनं नणंदेला मारायची संधी सोडली नाही.

"सुमन," मासिमा समाधानानं म्हणाल्या, "बहुत अच्छा. लडकों का नाम."

"अहो, बाईचं नाव आहे," माधवी म्हणाली. "आमच्याकडे गल्लीत चार सुमन असतात."

"बंगाल में सब सुमन लडका."

"दोघी बरोबर आहात," टुकाई म्हणाला, आणि मला एक घट्ट मिठी मारली. मी उठायला गेले, तोच पाठीत असा एक बसला की चष्मा उडून त्याच्या मांडीवर पडला. मी वळून बघितलं. मागं श्रीधर उभा होता.

"केवढ्यानं मारलंस रे?"

"आईचं नाव ठेवलंस. मला विचारलं नाहीस."

"आत्या विचारत नसते."

तो रडत होता. लहानपणी रडायचा तसा, बाहीनं नाक पुसत. "आता रागावायचं कसं त्याला?" तो म्हणाला. "आईचं नाव घेऊन कुणाला रागावता येतं का?"

"म्हणून तर ठेवलं," मी म्हटलं.

त्याच्या तोंडून 'त्याला' गेलं होतं. मी ऐकलं, माधवीनं ऐकलं, ज्यानं ऐकायचं त्यानंही ऐकलं. सगळ्यांनी घुगनी खाल्ली. श्रीधरला मिरची लागली आणि ठसका लागला. मासिमा पाण्यासाठी उठत होत्या, तर त्यानं हातानं थांबवलं, घसा साफ केला आणि म्हणाला, "सुमन, पाणी."

पाणी आलं. तो सगळं प्यायला, पेला परत दिला आणि टोपी चढवली.

"मला मेट्रोपर्यंत सोडायला चल."

"बाबा, मी मेट्रोनं जात नाही."

"माहितीये. आईनं सांगितलंय." तो चपला शोधत होता, त्यामुळे वाकूनच बोलला. "तो पोलीस बाळ दाखवा म्हणाला होता. मी आणतो म्हटलंय. रांगेत मी पुढं उभा राहीन, कुठली पण रांग असू दे."

मी पाठ चोळत खुर्चीत बसले. सुमननं बूट घातले आणि बापाच्या मागून जिना उतरला.